किर्द-खतावणी आणि कंदी पेढा

माणूस जाड झाल्याची बातमी सगळ्या गावाला कळते आणि सर्वांत शेवटी त्याच्या स्वतःच्या कानावर येते. मला ती एका पेन्शनर आजींनी दिली.

नोव्हेंबर महिन्यात आमच्या बँकेत हयातीचे दाखले देणाऱ्यांची रांग लागते. आपण अजून जिवंत आहोत हे पेन्शनर मंडळींना वर्षातून एकदा पटवून द्यावे लागते आणि ते पटवून घेण्याचे काम आमच्या शाखेत माझ्याकडे आहे. कागदावरचा फोटो पाहायचा, समोरचा चेहरा पाहायचा, जुळला की शिक्का. गेल्या नोव्हेंबरात एका आजींनी हा प्रकार माझ्यावर उलटवला. त्यांनी चष्मा पुसला, माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "का हो, हा फोटो तुमच्या धाकट्या भावाचा का?"

मला भाऊ नाही. पण रांगेतल्या तीस-चाळीस ज्येष्ठ नागरिकांनी त्यावर असे खणखणीत हसून घेतले, की त्या सर्वांच्या हयातीबद्दल मला तिळमात्र शंका उरली नाही. शंका राहिली ती माझ्याच.

संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला काट्यावर उभे केले. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ८४ किलो. मग किलोला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले आणि उत्तर काढले, ३०.९. "आपल्याकडच्या माणसांचं हे २३ च्या आत असावं," डॉक्टर म्हणाले. बी. कॉम.च्या तिन्ही वर्षांत कुठल्याही विषयात मला अपेक्षेपेक्षा इतके जास्त गुण मिळाले नव्हते. दोन दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.१. हा ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ६.५ ला पोचला की मधुमेह.

"म्हणजे तुम्ही प्लॅटफॉर्मवर उभे आहात," डॉक्टर म्हणाले, "गाडी यायची आहे. वडिलांना होता?"

"होता," मी म्हणालो आणि त्यापुढे विनोद सुचला नाही.

आमचे अण्णा शाळामास्तर. बावन्नाव्या वर्षी त्यांना साखर निघाली आणि त्यांनी एका दिवसात गोड सोडले. सातारकरांनाच कळेल ही केवढी गोष्ट आहे ते. आमच्या गावात कंदी पेढ्यावाचून पाळणा हलत नाही आणि घराला पाया पडत नाही. पास झालेली पोरे मास्तरांच्या पाया पडायला येताना पुडा घेऊनच येत. अण्णा तो देवापुढे ठेवत, उरलेले आम्हांला वाटत आणि स्वतः बोटसुद्धा लावत नसत. सगळी आळी त्यांच्या निग्रहाचे कौतुक करी. मीही करीत असे. मग बारावीच्या अभ्यासाच्या दिवसांत एकदा रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठलो, तर देवघरात काळोखात अण्णा उभे. तोंड भरलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी देवाकडे पाहिले. "झोप येत नव्हती," एवढेच ते म्हणाले, तेही बऱ्याच वेळाने, कारण आधी पेढा गिळायचा होता. या विषयावर आम्ही बापलेक पुन्हा कधीही बोललो नाही. एकसष्टीच्या वर्षी अण्णा गेले. शेवटची दोन वर्षे पायाच्या न भरणाऱ्या जखमेत गेली.

डॉक्टरांनी माझा चेहरा पाहिला असावा. म्हणाले, "घाबरू नका. अशाच प्लॅटफॉर्मवरच्या लोकांची अमेरिकेत मोठी पाहणी झाली होती, २००२ साली छापून आली. वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं, एवढंच उद्दिष्ट दिलं होतं. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. तुमचे सात टक्के म्हणजे सहा किलो."

सहा किलो! गॅसच्या सिलिंडरमधला अर्धासुद्धा गॅस नव्हे. मी हसत हसत घरी आलो.

वजन कमी करायचे आहे हे बँकेत बोलून दाखवणे म्हणजे विनातारण कर्ज वाटतो म्हणून जाहीर करण्यासारखे आहे. आमच्या शाखेत दोन पंथ आहेत. एक पंथ दिवसातून दोनदाच आणि पंचावन्न मिनिटांत जेवावे असे मानतो. दुसरा दर दोन तासांनी थोडे थोडे खावे असे मानतो. मी दोन्ही पंथांचा मान राखून आठवडाभर दर दोन तासांनी पंचावन्न मिनिटे खात होतो. मग हेड कॅशियरनी दुधीचा रस सांगितला, शिपायाने कोमट पाण्यात मध सांगितला आणि आमच्या हिने "आधी तो चिवड्याचा डबा खाली ठेवा" असे सांगितले. शेवटी मी अण्णांचाच मार्ग धरला. गोड बंद. अजिबात बंद.

अकरा दिवस निभावले. बाराव्या दिवशी एका सहकाऱ्याला मुलगी झाली. मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी, हा जुना भेदभाव मोडून त्याने पेढे आणले. मी सर्वांसमोर हात जोडून नको म्हणालो. "काय निग्रह आहे!" असे कोणीतरी म्हटलेलेही ऐकले. आणि पावणेचार वाजता, मी रेकॉर्ड रूममध्ये जुन्या व्हाउचरांच्या गठ्ठ्यांमागे काळोखात उभा होतो आणि तोंडात चौथा पेढा होता.

शिपायाने दिवा लावला. "साहेब, अंधारात काय करताय?"

"जुनं व्हाउचर शोधतोय," मी म्हणालो, बऱ्याच वेळाने.

जुने व्हाउचर खरोखरच सापडले होते. अण्णांच्या सहीचे.

त्या रात्री मी लेकीला विचारले, "कॅलरी म्हणजे नक्की काय गं?" ती अकरावी सायन्सला आहे. तिने वहीवर लिहूनच दाखवले. आहारातली एक कॅलरी म्हणजे एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता. पंधरा लिटरची आंघोळीची बादली वीस अंशांनी तापवायची तर तीनशे कॅलरी, म्हणजे साधारण तूप घातलेली एक पुरणपोळी. "मग बाबांना एक दिवस बंबाला जोडूनच पाहू," ही आतून म्हणाली.

पुढचा हिशेब तर मला फारच ओळखीचा वाटला. पिष्टाच्या आणि प्रथिनाच्या एका ग्रॅमला चार कॅलरी, स्निग्धाच्या एका ग्रॅमला नऊ. शरीरावरची एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरींची मुदतठेव. माझ्यासारख्या बैठ्या माणसाचा रोजचा खर्च बावीसशेच्या आसपास. रोज सतराशेच खाल्ले तर पाचशेची तूट आणि पंधरवड्याला एक किलो ठेव मोडते. अहो, हे तर आमचेच खाते! अन्नाकडे कॅलरी म्हणून पाहायला लुलू हंट पीटर्स नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी १९१८ साली पुस्तक लिहून लोकांना शिकवले. पावाचा तुकडा म्हणू नका, शंभर कॅलरींचा पाव म्हणा, असे त्यांचे सांगणे होते. बाई बँकेत असत्या तर शाखाधिकारी झाल्या असत्या.

मी दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर श्री काढून रकाने आखले. येणाऱ्यास नावे, जाणाऱ्यास जमा, हा नियम अकरावीत पाठ केला होता, त्याचा पेढ्याशी संबंध छत्तिसाव्या पानावर नव्हे, छेचाळिसाव्या वर्षी लागला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पेढा ठेवला. पंचवीस ग्रॅम, म्हणजे शंभराच्या आसपास कॅलरी. सतराशेतले शंभर रोज पेढ्याच्या खात्यावर मी पहिल्याच दिवशी मंजूर करून टाकले. रोज एक पेढा, दुपारच्या जेवणानंतर, सर्वांच्या देखत.

आणि मग वही बोलू लागली. ज्या पेढ्याला मी आणि अण्णांनी मिळून फरार गुन्हेगार ठरवले होते, तो बिचारा शंभराचा धनी निघाला. खरे दरोडेखोर साळसूदपणे घरातच वावरत होते. बँकेतला चहा सहा कप, कपाला साखर दोन चमचे. बारा चमच्यांचे २४० नुसत्या साखरेचेच, दूध वेगळे. फोडणीला "अंदाजाने" पडणारे तेल, चमच्याला पंचेचाळीस. आणि आम्हां सातारकडच्यांचा दाण्याचा कूट! शंभर ग्रॅम शेंगदाण्यात ५६७ कॅलरी असतात. आमच्याकडे कूट ज्यात पडत नाही असा पदार्थ फक्त पाणी.

व्यायामाचाही भ्रम गेला. पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी निम्म्या वाटेत मी छत्रपतींच्या मावळ्यांबद्दल असा आदर व्यक्त केला, की मागून येणाऱ्या काकांनी विचारले, "पाणी देऊ का?" घरी येऊन हिशेब केला. माझ्या वजनाच्या माणसाने तासभर झपाझप चालले तर पावणेतीनशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. चढणीचे थोडे जास्त धरू. आणि गडाखाली आल्यावर मंडळी जो एक वडापाव खातात तो जवळजवळ तीनशेचा. म्हणजे तासाभराची कमाई चार घासांत! चालण्याने छाती मोकळी होते, झोप लागते, साखर खाली येते, हे सगळे खरे. पण चाललो म्हणून खाल्ले चालते, हे खोटे. असले कर्ज आम्ही कुणाला मंजूर करीत नाही.

तरीही तीन आठवडे काटा ८३ वरून हलेना. मी काट्याला दोष दिला, फरशीला दोष दिला. शेवटी लेकीने ऑडिट काढले. दोन दिवस ती माझ्यावर पाळत ठेवून होती.

"बाबा, टीव्ही बघताना मूठभर शेंगदाणे खाल्ले ते वहीत कुठंयत?"

"ते उभ्याने खाल्ले होते."

"आणि आजीने चाखायला दिलेला शिरा?"

"ते चाखणं होतं."

"माझ्या ताटातली उरलेली पोळी?"

"ती तुझ्या खात्यावर."

तिने तीन आकडे मांडले. दाणे १७०, शिरा दीडशे, पोळी नव्वद. बेरीज ४१०. आणि मी, ज्याने पाच रुपयांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत कॅश टॅली केलेली आहे, तो स्वतःच्या खात्यात रोज चारशेची अफरातफर करीत होतो! नोकरी गेली असती माझी. त्या दिवसापासून उभ्याने, बसून, चाखून, पुसून, जे तोंडात गेले ते वहीत गेले.

दहा महिने झाले. कागदावरच्या हिशेबाने एकोणीस किलो उतरायला हवे होते, उतरले आठ. शरीर ही शिस्तीची बँक नाही. ठेव कमी होऊ लागली की ते आपला रोजचा खर्चही कमी करते. शिवाय मधे दिवाळी होती, दोन लग्ने होती आणि आंबा होता. ते सगळे वहीत आहे. पण डॉक्टरांनी सहा मागितले होते आणि साखरेचा आकडा ५.६ आला. गाडी आली नाही असे नाही, पण मी प्लॅटफॉर्मवरून उतरून जिन्यापर्यंत आलो आहे.

वही मी एकाच व्यक्तीपासून लपवली होती, आईपासून. पंचाहत्तर वर्षांची आहे. आपण वाढलेले मुलगा मोजून खातो, हे तिला कळले तर काय वाटेल याची भीती होती. यंदा गौरी जेवल्या त्या दिवशी मात्र पकडला गेलो. संधिवाताच्या बोटांनी तिने स्वतः लाटलेल्या दोन पुरणपोळ्या तुपासह जेवलो आणि मागच्या सोप्यात जाऊन "६००" लिहीत होतो.

"काय रे लिहितोस सारखा?"

सांगितले सगळे. रेकॉर्ड रूमसुद्धा सांगितली. आणि का कोण जाणे, देवघरातली ती रात्रही सांगितली. आई रागावेल असे वाटले होते. ती म्हणाली, "तुझ्या वहीचं मला काय सांगतोस? ह्यांचा हिशेब नऊ वर्षं मीच ठेवत होते."

"तुला माहीत होतं?"

"न कळायला काय झालं? रात्री देवापुढं पाच ठेवायचे, सकाळी तीन. मग त्या दिवशी ह्यांच्या आमटीत गूळ नाही आणि भाताची एक मूद कमी. चार असले तर निम्मी कमी."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"मास्तर माणूस. पकडलं असतं तर पेढा सुटला नसता, मान मात्र खाली गेली असती." ती थोडा वेळ पदराशी चाळा करीत बसली. मग म्हणाली, "पण चुकलंच ते. ताटात रोज एक वाढायला हवा होता मी. समोर, उजेडात. निवांत चावून तरी खाल्ला असता."

मी काही बोललो नाही. ती उठली, देवघरात गेली आणि दिवा लावून दोन पेढे घेऊन आली. एक माझ्या हातावर ठेवला, एक स्वतः घेतला.

"लिही," ती म्हणाली.

मी लिहिले. त्या दिवशी वहीत चारशेची तूट नव्हे, चारशेची वाढ निघाली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, गजर व्हायच्या आधी, आईनेच मला हलवून उठवले. "अरे, ऊठ. गडावर जायचंय ना?"

तिचा हिशेब अजून चुकत नाही.