इष्टांप

आमच्या वरच्या मजल्यावर चार वर्षांची एक मुलगी राहते. ती चालत नाही, आमच्या डोक्यावर पोहे कांडते. परवा तिची आई खाली येऊन म्हणाली, "सॉरी हं काका, काय करू, दिवसभर स्टॉम्प करत असते."

तोवर आमच्या घरी या प्रकाराला 'दणादणा पाय आपटणे' म्हणत. पण नवा शब्द कानावर पडला की कोश उघडायची मला खोड आहे. (पेन्शनीत निघाल्यापासून ती बळावली आहे, असे आमच्या घरातल्या जाणकारांचे मत.) मला वाटले, धप्प, दण्ण यांच्यासारखा हाही आवाजावरून पडलेला शब्द असणार. कसचे काय! कोश म्हणतो, हा 'स्टॅम्प'चाच अमेरिकन अवतार. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिकडे 'स्टॅम्प'चा 'स्टॉम्प' झाला, आणि कान धरायला जवळपास मास्तर नसल्यामुळे तो रुळला. पुढे जाझवाल्यांनीही उचलला. १९२३ साली जेली रोल मॉर्टनने 'किंग पोर्टर स्टॉम्प'ची चक्क रेकॉर्ड काढली. म्हणजे उच्चार बिघडला तो बिघडला, वर त्यावर नाच!

आता आमचे काय झाले पाहा. माझे वडील तालुक्याच्या कचेरीबाहेर वडाखाली डेस्क मांडून स्टांपपेपर विकत. ते म्हणत 'इष्टांप'. सगळा तालुकाच 'इष्टांप' म्हणे. इंग्रजीच्या तासाला धड्यात 'पोस्टेज स्टॅम्प' आला, तो मी घरच्या उच्चारात वाचला आणि हातावर दोन छड्या खाल्ल्या. अमेरिकन माणूस चुकला तर कोशात जातो, आम्ही चुकलो की हातावर वळ!

छड्यांचे काही नाही हो. पण त्यानंतर कोणी विचारले, "वडील काय करतात?" की मी "कचेरीत असतात" म्हणू लागलो. एकदा ते पाठीमागेच उभे होते. बोलले काही नाहीत. एरवी त्यांच्या चालण्याचा आवाज होत नसे. त्या दिवशी वहाणा आपटत गेले.

कोशातली मजा पुढेच आहे. 'स्टॅम्प'चा जुना अर्थ उखळात कुटणे. मग जमिनीवर पाय आपटणे, मग ठसा दाबून उमटवणे. त्यातून कर भरल्याचा सरकारी ठसा आला, आणि १८४० साली इंग्लंडात डिंक लावलेले पोस्टाचे तिकीट. बारा वर्षांनी, १८५२ मध्ये, सिंध प्रांतात 'सिंध डाक' नावाची तिकिटे निघाली. म्हणजे मागीलदारी आई तिखट कुटायची तो मूळ अर्थ, आणि वडील विकायचे तो पुढचा. ते वहाणा आपटत गेले, तो मधला.

काल ती मुलगी स्वतःच आली. दारात उभी राहून म्हणाली, "आजोबा, तुम्ही रागावलात?"

"नाही गं. एक शब्द म्हणून दाखव बघू. म्हण, इष्टांप."

तिने क्षणभर विचार केला आणि पाय आपटून म्हणाली, "इष्टॉम्प!"

मी छडी शोधली नाही. राजगिऱ्याची वडी शोधली.