पिवळ्या पानांचे फोटो

आमच्या आबाजींच्या पंचांगात तिथी-नक्षत्रं कमी आणि पेन्सिलीची गिचमीड जास्त. मृगात ओल किती बोटं गेली, पऱ्हाटीचा पहिला वेचा कधी निघाला, नवी बैलजोडी कितीला पडली, सगळं समासात. वर्ष संपलं की पंचांग फळीवर. ते कोणी मुद्दाम जपलं नाही. टाकायला फुरसत नव्हती म्हणून राहिलं. अशीच घराघरांत पडून राहिलेली दप्तरं इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून गोळा केली, तेव्हा कुठे 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला.

आता आम्ही वरोऱ्याची माणसं आबाजींच्या दसपट लिहितो. 2023 च्या खरिपात सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला, तेव्हा व्हॉट्सॲपचे ग्रुप पिवळ्या पानांच्या फोटोंनी भरून गेले. ‘भाऊ, हे काय होय?’ असं रात्री कोणी विचारावं आणि चार गावांवरून उत्तरं यावीत: कोणतं वाण तगलं, कोणती फवारणी फुकट गेली, दुकानदारानं औषधासोबत आणखी काय गळ्यात मारलं. पुढे ‘स्टोरेज फुल’ आलं आणि गुड मॉर्निंगच्या गुलाबांसोबत ही पानंही गेली. नुकसानीचे पंचनामे सरकारदरबारी राहतील. त्यात हेक्टर असतील, ‘भाऊ, हे काय होय?’ नसेल.

वरोऱ्यानं हे एकदा भोगलं आहे. इथली सरकारी कोळसा खाण 1871 मध्ये सुरू झाली, 1906 मध्ये बंद पडली. तिचा हिशेब इंग्रजांनी लिहून ठेवला. पण खाली उतरणारा माणूस शिदोरीला काय न्यायचा, पोराला ताप आला तर कोणाचा सल्ला घ्यायचा, याच्याशी गॅझेटियरला काय देणंघेणं!

कंपन्यांच्या भरवशावर तर राहूच नये. 30 सप्टेंबर 2014 ला ऑर्कुट बंद झालं आणि त्यासोबत कितीकांच्या गप्पा गेल्या. 1996 पासून इंटरनेट अर्काइव्ह वेबची पानं साठवतं, पण ती उघड्यावरची. आपल्या ग्रुपात त्याला शिरकाव नाही.

तेव्हा फोन रिकामा करण्याआधी ‘एक्सपोर्ट चॅट’ दाबा. ग्रुपवाल्यांना विचारा, नावं-नंबर काढा, कामाचं तेवढं छापून गावच्या वाचनालयात द्या. गुलाब खुशाल उडवा.