दुपारची शाळा

मोठ्या खटल्याच्या घराचा दिवस कशाभोवती फिरतो हे समजून घ्यायचे असेल, तर चुलीकडे आणि पाणवठ्याच्या वाटेकडे पाहावे. जोहान्सबर्गपासून २१ मैलांवर, लॉली स्थानकाजवळच्या माळरानावर १९१० साली जे एक विलक्षण खटले उभे राहिले, त्यालाही हे लागू पडते. टॉलस्टॉय फार्म या नावाने ते प्रसिद्ध आहे. कोणी त्यात पुढच्या आश्रमांची पूर्वतयारी पाहतात, तर कोणी नयी तालीमचे बीज. दोन्ही म्हणणी खरी आहेत. पण तेथे राहणाऱ्यांच्या लेखी ते प्रथम एक घर होते आणि घर म्हणूनच ते चालवावे लागले.

मुळात निकड होती ती पैशाची. ट्रान्सवालमधील नोंदणीच्या कायद्याविरुद्धचा सत्याग्रह लांबत चालला होता. तुरुंगात गेलेल्यांच्या कुटुंबांना दरमहा रोख मदत देण्याचा परिपाठ होता. तो खर्चाचा तर होताच, शिवाय कोणाची गरज किती याचा न्याय करणेही अवघड. सर्वांनी एकत्र राहावे, कष्टावे आणि एका चुलीवर जेवावे, हा त्यावर निघालेला तोडगा. हरमान कॅलनबाख या जर्मन ज्यू वास्तुविशारदाने सुमारे ११०० एकरांचे शेत विकत घेऊन ३० मे १९१० रोजी ते बिनभाड्याने सत्याग्रहींच्या स्वाधीन केले. हजारेक फळझाडे, दोन विहिरी, एक झरा आणि टेकडीच्या पायथ्याशी पाचसहा माणसांपुरते घर, एवढे भांडवल. येरवड्याच्या तुरुंगात १९२३ साली लिहावयास घेतलेल्या आपल्या गुजराती इतिहासात गांधीजींनी कुटुंबाची मोजदाद दिली आहे: चाळीसेक तरुण, दोनतीन वृद्ध, पाच स्त्रिया आणि वीसतीस मुले, त्यांत मुली चारपाच. गुजराती, तमिळ, तेलुगू, उत्तर हिंदुस्थानी. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती.

एवढ्या मंडळींची चूल एक ठेवणे ही पहिली कसोटी. ख्रिस्ती आणि मुसलमान कुटुंबांना मांसाहाराची सवय होती. गांधीजींनी त्यांना विचारले आणि सर्वांनी शाकाहार मान्य केला. सकाळी सहाला पाव आणि भाजलेल्या गव्हाची कॉफी, अकराला भात, डाळ व भाजी, सायंकाळी साडेपाचला गव्हाची लापशी व दूध किंवा पुन्हा पाव-कॉफी. स्वयंपाक स्त्रियांकडे, मदतीला एकदोन पुरुष. नोकर कोणी नाही. झरा वस्तीपासून बराच दूर. तेथून कावडीने पाणी आणावयाचे. रात्री भजने, कधी रामायणाचे वाचन, कधी इस्लामविषयक ग्रंथाचे, आणि नऊच्या सुमारास निजानीज. शहरात मौजेखातर जायचे तर पायी जावे, शिदोरी घरची न्यावी, हाही दंडक होता. मंडळी पहाटे दोनला उठून निघत. कॅलनबाख मरियनहिलच्या ट्रॅपिस्ट मठात जाऊन चपला बांधण्याची कला शिकून आला, आणि त्याच्याकडून ती गांधीजींनी व गांधीजींकडून मुलांनी उचलली. शेताविषयी लिहिणारे या चपलांपाशी नेहमीच थोडे अधिक रेंगाळतात. मौज आहे खरी, पण त्या दिनक्रमातील अवघड जागा वेगळी होती.

ती जागा म्हणजे शाळा. मुलांचे खरे शिक्षण आईबापांजवळच होते, ही गांधीजींची श्रद्धा. आणि येथे बापाच्या जागी आपण आहोत असे ते मानीत. परंतु सकाळ शेताची आणि घरकामाची. शाळेला उरे ती जेवणानंतरची वेळ. खणून, तोडून, पाणी वाहून दमलेली मुले पेंगत, आणि शिक्षकही पेंगत. डोळ्यांना पाणी लावावे, मुलांशी खेळून त्यांना जागे करावे, तरी कित्येकदा झोपच जिंकत असे. हे सारे गांधीजींनीच नमूद केले आहे. मनुष्याच्या आयुष्यक्रमात श्रमाला पहिले स्थान दिले की अक्षराला कोणते मिळते, याचे इतके निर्भीड वर्णन शिक्षणविषयक वाङ्मयात क्वचितच सापडेल.

आणि अक्षरे तरी किती प्रकारची! हिंदी, तमिळ, गुजराती आणि उर्दू शिकवावयाच्या, थोडे इंग्रजी, गुजराती हिंदू मुलांना थोडे संस्कृत, शिवाय इतिहास, भूगोल, गणित. गांधीजींचे तमिळ जलप्रवासात आणि तुरुंगात जमवलेले, पोपसाहेबांच्या पाठ्यपुस्तकापलीकडे न गेलेले. तेलुगू तर येतच नव्हते. उलट, तमिळ मुले आफ्रिकेत जन्मलेली. घरची बोली कानावर होती, लिपीची मात्र ओळख नव्हती. म्हणून गुरुजींनी त्यांना लिपी आणि व्याकरणाचे प्राथमिक पाठ द्यावेत, आणि इंग्रजी न जाणणारा तमिळ पाहुणा आला म्हणजे त्याच मुलांनी गुरुजींचे दुभाषी व्हावे, असा व्यवहार चाले. बहुभाषिक वर्गाच्या आजच्या चर्चेत या अदलाबदलीचा उल्लेख सहसा येत नाही, यायला हवा. ज्याच्याजवळ लिपी आहे त्याच्याजवळ भाषा असेलच असे नाही, हे त्या पेंगुळलेल्या वर्गात रोज सिद्ध होत होते.

मराठीचा संबंध येतो तो १९१२ साली. गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यात या शेतावरही येऊन राहिले. त्याच दौऱ्यात हिंदी लोकांच्या सभेत इंग्रजीऐवजी मराठीत बोलावे, असा आग्रह गांधीजींनी त्यांना केला. कोकणी मुसलमान आणि महाराष्ट्रातले काही हिंदू श्रोत्यांत होते. इतरांसाठी हिंदुस्थानीत भाषांतर आपण करू, असे गांधीजींचे म्हणणे. ही मराठी आपण कोठे संपादन केलीत, अशी थट्टा गोखल्यांनी केली. बोलता एक शब्द येत नाही, पण परिचित विषयावरील भाषणाचा आशय कळेल, असे साधे उत्तर मिळाले. गोखल्यांनी मानले आणि पुढे थेट झांझिबारपर्यंत अशा सभांतून ते मराठीत बोलले. तमिळ मुलांच्या वर्गात जे धारिष्ट गांधीजी दुपारी दाखवीत, त्याचीच ही जाहीर आवृत्ती होय.

१९१३ च्या आरंभी हे बिऱ्हाड मोडले आणि गांधीजी मुलांसह फिनिक्सला गेले. त्या वर्षी लढा पुन्हा पेटला, तेव्हा पूर्वी शेतावर राहिलेल्या स्त्रियांना पाचारण झाले. अकरा जणी निघाल्या. एक सोडून बाकी साऱ्या तमिळ. परवान्याविना सरहद्द ओलांडून त्या न्यूकॅसलच्या कोळसाखाणींवर पोचल्या आणि गिरमिटिया मजुरांशी बोलू लागल्या. दुपारच्या शाळेत या भाषेसाठी वर्ण गिरवावे लागत होते. येथे ती नुसती बोलायची होती, आणि ऐकणारे जागे होते. खाणी बंद पडल्या. ऑक्टोबरात त्यांना अटक होऊन तीन महिन्यांची शिक्षा झाली. त्या अकरा जणींची यादी गांधीजींच्या इतिहासात आहे. तीत बहुतेक जणी नवऱ्याच्या नावाने नोंदलेल्या आहेत.