नांदगाव पेठची खटखट

गेमिंग कीबोर्ड घ्यायचा प्लॅन आहे? मग त्याची टेस्ट ड्राइव्ह एसी रूममध्ये नको, वऱ्हाडातल्या हायवेवर घ्या!

अमरावतीहून नागपूरच्या दिशेने निघालात की नांदगाव पेठ लागतं. एमआयडीसीतल्या कापडाच्या कंपन्या, रतनइंडियाचा १३५० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प, ट्रकची रांग, धूळ आणि कडक चहा. इथल्या एका झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात मी चकाचक मेकॅनिकल कीबोर्ड घेऊन पोहोचलो. ८७ कीज, लाल स्विच, खाली सप्तरंगी लाइट्स. एकदम फुल टू स्टाइल!

दुकानदार काकांच्या टेबलावर होता टीव्हीएस गोल्ड. बँका आणि सरकारी ऑफिसांमध्ये ज्याची खटखट आपण लहानपणापासून ऐकली, तोच. गंमत म्हणजे गेमर मंडळी ज्या चेरी एमएक्स ब्लू स्विचवर फिदा असतात, त्याच स्विचमुळे या कीबोर्डचं नाव झालं. म्हणजे मेकॅनिकलची क्रेझ यायच्या कितीतरी आधी आपले क्लार्क ती जगत होते, बॉस!

साध्या कीबोर्डमध्ये कीखाली रबर असतं, ते बहुतेक तळापर्यंत दाबावं लागतं. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कीला स्वतःचा स्विच आणि स्प्रिंग. की चार मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर साधारण निम्म्या वाटेवरच उमटतं. लाल स्विचला सुमारे ४५ ग्रॅम जोर पुरतो आणि तो सरळ, गुपचूप खाली जातो. निळ्याला जोर जास्त, सुमारे ६० ग्रॅम, पण तो ‘खट्’ करून पोच देतो.

काकांनी माझ्या लाल स्विचवर चार ओळी मारल्या आणि मान हलवली. “भाऊ, कळ दबली का नाई, हे बोटाले समजलं पायजे. डोये त कागदावर असतात ना!” दुसरा आक्षेप त्याहून जड. “अन् नंबरपॅड कुठी गेला? बिलं कशी करू मी?” लाइट्सबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

पण खरा शोध पुढे लागला. गेमरच्या कीबोर्डवर सगळ्यात आधी झिजतात त्या डब्ल्यू, ए, एस, डी. इनस्क्रिप्ट मराठीत याच कीजवर अनुक्रमे ै, ो, े आणि हलन्त बसलेत. प्रत्येक जोडाक्षर हलन्ताने जोडून ‘प्रतिज्ञापत्र’ टाइप करा, डी तीनदा दाबावी लागते. आणि इथे दिवसभर प्रतिज्ञापत्रंच असतात! म्हणून कीकॅप पीबीटी प्लॅस्टिकचे बघा. एबीएस लवकर गुळगुळीत होऊन चमकायला लागतं. रोलओव्हरसुद्धा फक्त खेळासाठी नाही. भरधाव टायपिस्ट आधीची की सुटण्याआधीच पुढची दाबतो, तेव्हा अक्षर गळत नाही.

दुकानात संध्याकाळी एक मुलगी सरावाला येते. तिला क्लार्क-टायपिस्टची नोकरी हवीय. त्यासाठी मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग लागतो. लाल स्विचवर तिची बोटं सुसाट सुटली, चुकाही वाढल्या. गोल्डवर वेग जरा कमी, पण ओळ स्वच्छ. “काका, हाच बरा आहे,” ती म्हणाली आणि परत कागदात डोकं घातलं. तरी आठवड्यातून दोन दिवस काका तिला साध्या रबरवाल्या कीबोर्डवर बसवतात. परीक्षेत पुढ्यात कोणता येईल हे आपल्या हातात थोडंच असतं? आपण ज्याला ‘फील’ म्हणून मिरवतो, त्यावर तिचा पगार ठरणार आहे.

तर दोस्तहो, फंडा सिंपल आहे. रात्री गेम आणि शेजारी झोपलेला रूममेट, तर लाल. दिवसभर टायपिंग आणि स्वतंत्र केबिन, तर निळा. दोन्हीच्या मधला हवा तर तपकिरी. बोटाला हलकी ठेच लागते, ‘खट्’ नाही. एक्सेलमध्ये आयुष्य जात असेल तर नंबरपॅड सोडू नका. आणि स्विच बदलता येणारा हॉट-स्वॅप मिळाला तर सोन्याहून पिवळं.

लाइट्स? ते सगळ्यात शेवटी बघा. नांदगाव पेठला ते कुणी पाहिलेच नाहीत!