गळणे आणि न गळणे

शब्दाच्या मुळाशी गेल्याखेरीज आम्हां भाषेच्या शिक्षकांना चैन पडत नाही. अशाच एका वैद्यकीय शब्दाने गेली दोन वर्षे आमचा पिच्छा पुरवला आहे. तो शब्द म्हणजे ‘ॲपॉप्टोसिस’. जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अलास्टर करी या संशोधकांनी तो १९७२ साली रूढ केला. सुचवला मात्र ॲबर्डीन विद्यापीठातील ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी. अर्थ : झाडावरून पान गळणे, फुलावरून पाकळी गळणे. आपली मराठी ‘पानगळ’च म्हणा ना. पेशी आतूनच आवरते घेते, शेजारी दाह न पेटवता नाहीशी होते, त्या मरणाचे हे नाव.

आम्ही दोघी चिंचवड परिसरात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकीला आमवात झाला, सकाळी खडू बोटांत धरवेना, तेव्हा हा शब्द आमच्या घरात आला. ‘माधवनिदाना’त आमवाताला स्वतंत्र प्रकरण आहे, आज आपण ते नाव ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी वापरतो. भिगवण येथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या पाहणीत त्याचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले होते.

निरोगी सांध्याचे अस्तर जेमतेम एकदोन पेशींच्या जाडीचे असते. त्यातील काही पेशी सांध्याला वंगण पुरवतात. या आजारात ते अस्तर अनेक थरांचे होते आणि कूर्चेवर, पुढे हाडावर चढत जाते. पेशी वाढतात हे त्याचे एक कारण. दुसरे असे की, ज्यांनी गळायचे त्या गळत नाहीत. मरणाचा निरोप स्वीकारणारा ‘फास’ नावाचा रेणू त्यांच्या पृष्ठभागावर असतो. निरोप दारापर्यंत पोहोचतो, पण आत ‘फ्लिप’सारखी प्रथिने त्याची वाट अडवतात. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रुग्णांच्या या पेशी, प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत मानवी कूर्चेशेजारी ठेवल्या गेल्या. चिथावणी द्यायला रोगप्रतिकारक पेशी नव्हत्या, तरीही त्यांनी कूर्चा पोखरली.

इथे रूपकाचा मोह अनावर होतो. एका बाजूला चिंचवडला मोरया गोसावींची समाधी, चाकणच्या वाटेवर आळंदीला ज्ञानदेवांची, १२९६ सालची. वेळ ओळखून निघून जाण्याचा एवढा मोठा वारसा अंगणात असताना, ‘या पेशींना निघणे ठाऊक नाही’ हे वाक्य सहज सुचते. वर्गात ते शोभलेही असते. पण समाधी हा संकल्प आहे. पेशीला संकल्प नसतो, आसक्तीही नसते. असतात ती प्रथिने. शिवाय रूपक रुग्णाच्या कानाने ऐकावे लागते. ‘तुझे शरीरच तुझ्यावर उलटले’ असे म्हणताना आपण आजाऱ्याच्या माथी नकळत एक दोष मारतो. सुसान सोंटॅग यांनी १९७८ मध्ये ‘इलनेस ॲज मेटाफर’ या पुस्तकात आजारावर लादलेल्या अशाच रूपकांना हरकत घेतली होती.

आणि मोहाची किंमत आमच्या भागात बोटांनी मोजली जाते. आमच्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी आया, बहिणी भोसरी-चाकणच्या कारखान्यांत लहान सुटे भाग जोडतात. हा आजार आधी धरतो तो बहुधा बोटांचे लहान सांधे, तेही सकाळी, नेमके पहिल्या पाळीच्या वेळी. तासाभराहून अधिक टिकणारा तो ताठरपणा ‘वाताचे आहे’, ‘वयाचे आहे’ म्हणून घरोघर सोसला जातो. दरम्यान आतले अस्तर आपले काम करीत राहते, आणि एकदा झिजलेले हाड सहसा पूर्ववत होत नाही.

नेहमीची औषधे मुख्यतः प्रतिकारशक्तीला आवर घालतात. आठवड्यातून एकदाच घ्यायचे मेथोट्रेक्सेट हे त्यांतले प्रमुख. अस्तरातील हट्टी पेशींना थेट वठणीवर आणणारे औषध अजून नित्याच्या उपचारात आलेले नाही. तरीही उपचार लवकर सुरू झाले तर पुष्कळांची बोटे वाकण्यापासून वाचतात. म्हणून हल्ली आम्ही वर्गात ‘पानगळ’ या शब्दावर बोलतो तेव्हा कॉर्मॅक यांची गोष्ट सांगतो आणि लगेच विचारतो : घरी सकाळी कोणाची बोटे आखडतात का?