अंबर, याकूत, काफूर

उर्दू शिकवताना मुलांना नावांचे अर्थ सांगायला मला आवडते. हजेरी घेताना नूर म्हणजे प्रकाश, नर्गिस म्हणजे एक फूल, एवढे सांगितले तरी पेंगणारा वर्ग जागा होतो. दख्खनच्या इतिहासातली हबशी सरदारांची नावे मात्र मी अशी उलगडू लागले आणि ती टोचू लागली. अंबर म्हणजे देवमाशाच्या पोटातून निघणारे सुगंधी द्रव्य. याकूत म्हणजे माणिक. काफूर म्हणजे कापूर, संदल म्हणजे चंदन, मरजान म्हणजे पोवळे. सगळा अत्तरवाल्याच्या नि जवाहिऱ्याच्या दुकानातला माल! ही नावे बहुधा आईबापांनी ठेवलेली नसत, विकत घेणाऱ्याने ठेवलेली असत.

हे माझ्या लक्षात आणून दिले एका परदेशी कादंबरीने. फोर्टच्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांत मिळालेली अँड्रिया लेव्ही यांची ‘द लाँग साँग’. सन 2010 ची. शब्दकोश शेजारी ठेवून, रोज चार-पाच पाने अशी मी ती वाचली. जमैकातल्या उसाच्या मळ्यावर जन्मलेली जुलै नावाची गुलाम मुलगी म्हातारपणी आपली हकीकत स्वतःच सांगते. मळ्याच्या मालकाची बहीण तिला आईपासून उचलून घरात नेते आणि तिचे नाव बदलून मार्गरीट ठेवते. चाबकाचे फटके इतर पुस्तकांतही वाचले होते; हे नाव बदलणे मात्र मनातून जाईना.

ब्रिटनने 1807 साली गुलामांचा व्यापार बंद केला, 1833 साली गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला आणि दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली. कोणाला? मालकांना! गुलामांच्या हातावर छदामही पडला नाही. लेव्हीबाईंचे वडील 1948 साली जमैकाहून बोटीने इंग्लंडला आले. ज्यांची नोंद मालकाच्या वहीत गुराढोरांसारखी झाली, त्या पूर्वजांना त्यांच्या लेकीने कादंबरीत तोंड दिले.

आणि आपल्याकडे? आमच्याच रायगड जिल्ह्यात मुरुडसमोर जंजिरा उभा आहे. मराठी ऐतिहासिक कादंबऱ्या मी भरपूर वाचल्या आहेत. त्यांत सिद्दी येतो तो तलवार घेऊनच. 1660 साली पन्हाळ्याला वेढा घालायला सिद्दी जौहर येतो, काळा, धिप्पाड, क्रूर. तो आफ्रिकेच्या कुठल्या किनाऱ्यावरून, कितव्या वर्षी, कोणाच्या गलबतातून इकडे आला, हे विचारायला माझ्या वाचनातला एकही कादंबरीकार थांबला नाही. वर्गात हा धडा आला की मागच्या बाकावरून हळूच प्रश्न येतो, “टीचर, सिद्दी अपने थे ना?” आता ‘हो’ म्हणावे की ‘नाही’?

मी त्यांना चापूची गोष्ट सांगते. इथिओपियात 1548 च्या सुमारास जन्मलेला हा पोरगा गुलामांच्या बाजारात गेला. 1617 साली त्याला भेटलेल्या पीटर व्हॅन डेन ब्रुक या डच व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे, की मोखा बंदरात तो वीस डुकाटांना विकला गेला. पुढे मीर कासिम या बगदादच्या व्यापाऱ्याने त्याला शिकवले आणि ‘अंबर’ हे नाव दिले. मग अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखानही एकेकाळचा हबशी गुलामच. तोच अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता मलिक अंबर झाला, 1610 साली त्याने खडकी वसवली, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. जहांगीर त्याच्यावर एवढा चिडून होता, की त्याने अंबरच्या तुटलेल्या मस्तकावर आपण बाण मारतो आहोत, असे चित्रच काढून घेतले. रणांगणात जमले नाही ते कागदावर!

आपली मंडळी इथे अभिमानाने सांगतात, की बघा, आपल्याकडे गुलामही राज्य चालवायचा. खरे आहे. जमैकाच्या उसात राबणाऱ्याला अशी वाट नव्हती. पण जो वर चढला त्याचेच नाव राहिले. त्याच गलबतात जे खाली बसले होते, त्यांचे काय झाले? हजरत बिलाल (रजि.) यांची आझादी आपण लेकरांना सांगतो. मक्केत छळ झाला तेव्हा 615 साली पहिल्या मुसलमानांना हबशाच्या नजाशीने आसरा दिला, हेही सांगतो. त्याच हबशाची मुले पुढे विकली गेली आणि विकणाऱ्यांत कलमा पढणारेही होते, हे सांगताना आपली जीभ का अडखळते?

ही फार जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर तसेही नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी आरमाराने अरबी गलबतांतून सोडवलेली आफ्रिकन मुले मुंबई बंदरात उतरवली जात, आमच्या न्हाव्यासमोरच्या याच खाडीत. त्यांतली कित्येक नाशिकच्या शरणपूरला मिशनऱ्यांच्या आश्रमात वाढली. जेकब वेनराइट त्यांतलाच. 1873 साली लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले, तेव्हा जेकब त्यांच्या काफिल्यात होता. शवाबरोबर तो लंडनपर्यंत गेला. त्याच 1873 साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ काढले आणि ते अमेरिकेत हबशी गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्यांना अर्पण केले. पुण्याच्या माणसाला अमेरिकेतला हबशी दिसला. आम्हाला मुरुडचा दिसू नये?

नाव कसे हिरावले जाते, हे इथल्या पोरांना फार समजवावे लागत नाही. बंदर आले आणि शेवा कोळीवाडा उठला. लोक उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात गेले. जगभरच्या जहाजांच्या कागदांवर न्हावा शेवा हे नाव मात्र फिरते आहे.

यंदा सातवीला मी दहा ओळी लिहायला दिल्या, ‘मोख्याच्या बाजारातला चापू’. बहुतेकांनी तलवारी, घोडे आणि शेवटी बादशाही लिहिली. एका मुलीने लिहिले, गिऱ्हाइकाने चापूचे तोंड उघडून दात मोजले, जसे अब्बू बकरी ईदला बकऱ्याचे मोजतात. विकणाऱ्याला तिने नाव दिले होते, हाजीसाहब. शेजारच्या मुलाने ते पाहून तिला खोडायला सांगितले. ती वही घेऊन माझ्याकडे आली. मी इमला तेवढा दुरुस्त केला. हाजीसाहब राहू दिले.