इंजिनाचा उच्छ्वास

इथे इंग्लंडात ट्रॅक डेला भेटणारे लोक टायर विचारतात, ब्रेक विचारतात. ऑइल कॅच कॅनबद्दल कुणीच विचारत नाही. साधा डबाच तो!

पण बघा, पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली निसटतोच. तो तेलाचे बारीक थेंब घेऊन ब्रीदरच्या नळीने परत इनटेकमध्ये जातो. माझ्या २००५ च्या मिनी कूपर एसमध्ये पुढे सुपरचार्जर, मग इंटरकूलर. तिथे तेलाचा थर बसला की हवा नीट थंड होत नाही. शिवाय सिलिंडरात गेलेलं तेल नॉकिंगला आमंत्रण देतं. त्यात पिस्टन गेला तर नवं इंजिन घ्यायची माझी ऐपत नाही.

म्हणून निवडताना चकाकी नाही, आत आडवे पत्रे आणि जाळी आहे का ते पाहिलं. नुसत्या पोकळ डब्यातून तेल तसंच पुढे जातं. बसवताना नळ्या तेल सोसणाऱ्या घेतल्या, डबा एक्झॉस्टपासून लांब ठेवला.

याने ताकद वाढत नाही. पण दर वेळी डबा रिकामा करताना इंजिनाची तब्येत कळते. एरवीपेक्षा जास्त तेल साठलं तर समजावं, रिंगा थकल्यात. माणसांचं इतकं सरळ कळत नाही...